आधी मीटर वाचा, मग बल्ब बदला: सांगली-साताऱ्याच्या घरांसाठी वीज आणि गॅस बचतीचा हिशोब

वीज वाचवायची म्हटलं की बहुतेक घरांत सुरुवात मोबाइलच्या चार्जरपासून होते. मी घरगुती वायरिंगची कामं करतो. मिरजेतल्या एका काकूंनी काम चालू असताना विचारलं, "दादा, चार्जर काढून ठेवते, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करते, तरी बिल तेवढंच कसं येतंय?" त्यांच्या न्हाणीघरातला गीझर पहाटे चालू व्हायचा आणि घरातला शेवटचा माणूस आंघोळ करून निघाला की बंद व्हायचा. रिकामा चार्जर महिनाभर सॉकेटमध्ये राहिला तरी जी वीज खातो, ती त्या गीझरच्या पाच मिनिटांइतकीही नसते.

म्हणून हा लेख वीज जिथं जास्त जाते तिथून सुरू होतो. खर्च करायचाच असेल तर शेकड्यातला, आणि बऱ्याच ठिकाणी तोही नाही.

बिलाचा कागद

महावितरणच्या बिलावर आपण रक्कम आणि शेवटची तारीख पाहतो आणि कागद खिळ्याला अडकवतो. त्याऐवजी तीन गोष्टी बघा. पहिली, मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमची युनिटं. दुसरी, रीडिंग खरोखर घेतलंय की सरासरीवर बिल टाकलंय. सरासरीचं बिल असेल तर तुम्ही कितीही काटकसर करा, ती त्या महिन्याच्या कागदावर दिसणार नाही. असं झालं तर महावितरणच्या मोबाइल ॲपवरून मीटरचं रीडिंग स्वतः पाठवता येतं. तिसरी गोष्ट म्हणजे मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख. उन्हाळ्यात बिल चढतं की थंडीत, हे त्यावरून लगेच कळतं. थंडीत चढत असेल तर चोर गीझर आहे. एप्रिल-मेमध्ये चढत असेल तर पंखे, कूलर, फ्रीज. बारा महिने सारखंच असेल तर जुना फ्रीज, पाण्याची मोटर किंवा वायरिंगमधली गळती यांच्यावर संशय घ्या.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. महिन्याला १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढं ५०० पर्यंत तिसरा आणि त्यावर चौथा. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळजवळ दुप्पट आहे. त्यामुळं १३० युनिट वापरणाऱ्या घरानं ३० युनिट वाचवले तर ती वरची, महागडी ३० युनिटं वाचतात. वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क हे सगळं त्यांच्याबरोबर खाली येतं. स्थिर आकार मात्र काही केलं तरी द्यावाच लागतो, त्याच्या नादाला लागू नका. जाता जाता: कागदी बिल नको म्हणून कळवलं की बिलात थोडी सूट मिळते. ती वीजबचत नाही, पण फुकट आहे.

मीटरसमोर अर्धा तास

एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. शंभर वॅटचं दहा तास चाललं तरी एकच युनिट. वॅट गुणिले तास, भागिले हजार, एवढंच गणित. मिक्सर सातशे वॅटचा असला तरी रोज पाच मिनिटं चालतो, म्हणजे महिन्याला दोन युनिटंसुद्धा नाहीत. छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा, पण रोज बारा तास फिरतो, तो महिन्याला २७ युनिट घेतो. मिक्सरचा आवाज मोठा म्हणून त्याला दोष आणि पंखा गप्प फिरतो म्हणून त्याला माफी, असं घराघरांत चाललेलं असतं.

आता मीटरकडं या. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो आणि त्याच्या आसपास आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. म्हणजे ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर १६०० किंवा ६४०० सुद्धा असू शकेल, आधी ते बघून घ्या.

मापायचं असं. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचाही प्लग थोडा वेळ काढा. मग एकच उपकरण चालू करून मोबाइलवर एक मिनिट लावा आणि लुकलुक मोजा. आलेल्या आकड्याला ६० नं गुणून मीटरवरच्या आकड्यानं भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ३२ लुकलुकी म्हणजे ०.६ किलोवॅट, ६०० वॅट. त्याच मीटरवर जुना पंखा मिनिटाला चारदा लुकलुकवतो. दोन हजार वॅटचा गीझर लावला की शंभराच्या वर जातो, मोजताना जीभ अडखळते. तेव्हा वीस सेकंद मोजून तिप्पट करा. कमी वॅटच्या उपकरणाला उलट तीन-चार मिनिटं मोजा. मुलांना हे काम द्या, त्यांना ते आवडतं आणि मग गीझर बंद करायला तीच ओरडतात.

सगळं बंद असतानाही ठिपका लुकलुकत असेल तर आधी विसरलेली वस्तू शोधा: इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, जिन्यातला दिवा. गावठाणातल्या जुन्या वाड्यांत वाटण्या झाल्यावर सामायिक बोळातला बल्ब एकाच्याच मीटरवर राहिलेला मी पाहिला आहे. असं काही नसेल तर मुख्य बोर्डावरचे एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनीचे खटके, एकेक करून पाडत जा. जो पाडल्यावर लुकलुक थांबते, त्या लाइनीत गळती आहे. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांच्या भिंतींत पाणी बसलं होतं, तिथं जुन्या पाइपातल्या वायरी अजूनही ओल धरून असू शकतात. गळतीची दुरुस्ती स्वतः करू नका. परवानाधारक वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि गळती झाली की लाइन आपोआप तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. वीज वाचेल ती वाचेल, माणूस वाचणं महत्त्वाचं.

रोजचं रीडिंग मात्र सोपं आहे. रात्री एका ठरावीक वेळी मीटरवरचा आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचा. आठवडाभरात कोणत्या दिवशी जास्त गेली आणि त्या दिवशी घरात काय झालं, हे आपोआप जुळतं. गावाला जत्रेला किंवा लग्नाला दोन दिवस घर बंद करून जात असाल तर निघताना आणि परतल्यावर रीडिंग घ्या. फक्त फ्रीज चालू होता, म्हणजे त्याचा खरा खुराक कळला.

गरम पाणी

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात एसी नसेल तर सगळ्यात जास्त वीज न्हाणीघरात जाते. यासाठी एक सूत्र लक्षात ठेवा: लिटर गुणिले किती अंश तापवायचं, भागिले ८६०, म्हणजे युनिट. थंडीत पहाटे टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. वीस लिटरची बादली ४२ अंशांपर्यंत न्यायची तर २० गुणिले २२ भागिले ८६०, साधारण अर्धं युनिट. चार माणसांची चार बादल्या, म्हणजे रोजची दोन युनिटं, महिन्याची साठ. हे गीझरनं काही न सांडता, न गमावता तापवलं असं धरून. मे महिन्यात टाकीतलंच पाणी तीस अंशांवर असतं, तेव्हा हाच खर्च अर्ध्यावर येतो.

बादली नि तांब्या असेल तर पाणी मोजलेलं राहतं, शॉवरखाली ते कुणी मोजत नाही. बचतीचा सगळ्यात मोठा घास इथंच आहे.

दुसरा घास वेळेचा. १५ लिटरच्या दोन हजार वॅटच्या गीझरला थंडीतलं पाणी ५५ अंशांपर्यंत न्यायला वीस मिनिटं पुरतात. तासभर आधी लावून ठेवलं तर उरलेला वेळ तो गार होत जातो आणि स्वतःलाच पुन्हा तापवत बसतो. आंघोळी एकामागून एक उरकल्या तर टाकी एकदाच तापते. "तो उठला की करेल" या वाक्याला थंडीच्या दोन-तीन महिन्यांत बरीच युनिटं जातात. थर्मोस्टॅटची खुंटी शेवटपर्यंत फिरवलेली असेल तर ५०-५५ अंशांवर आणा. बऱ्याच गीझरांत ती झाकणाच्या आत असते, तेव्हा मुख्य पुरवठा बंद करून किंवा मेकॅनिककडून.

गीझर एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला असेल तर पाइपातलं लिटर-दीड लिटर गरम पाणी प्रत्येक वेळी तिथंच थंड होतं. म्हणून बेसिनवर हात धुवायला गरम नळ सोडू नका. गरम पाणी पोहोचायच्या आत हात धुऊन होतात आणि पाइप मात्र भरून राहतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, वर्षातून एकदा तो काढून घ्या.

हीटरचा रॉड वापरणाऱ्यांनी ऐकायचं ते असं: रॉड स्वतः वीज वाया घालवत नाही, जेवढं पाणी बादलीत तेवढंच तापतं, त्यामुळं हिशोबानं तो गीझरपेक्षा वाईट नाही. धोका वेगळा आहे. बादली प्लास्टिकची, पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत, सॉकेट मोठा १६ अँपिअरचा आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. लहान मुलं असलेल्या घरात मी रॉड सुचवत नाही.

आणि आपला बंब. कराड, कोरेगाव, तासगाव भागातल्या कितीतरी घरांच्या परसात तांब्याचा बंब अजून तापतो. तुराट्या, नारळाच्या करवंट्या, भुईमुगाची टरफलं, मक्याची रिकामी कणसं, सगळं त्यात खपतं. दारात हे फुकट मिळत असेल तर बंबासारखी स्वस्त सोय नाही. फक्त तो उघड्यावर ठेवा, जळण पूर्ण वाळलेलं घ्या, कारण ओल्या लाकडाची बरीच आच स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते. मधल्या नळीतली काजळी अधूनमधून खरवडून काढा, काजळी धरलेला बंब जळण जास्त मागतो. प्लास्टिकच्या पिशव्या पेटवायला वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

मार्च ते मे या काळात आंघोळ संध्याकाळी हलवता आली तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आयतंच कोमट मिळतं. सोलर वॉटर हीटर कमी खर्चात बसत नाही. पण कधी घेतलात आणि पाणी बोअरचं असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या, तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी लवकर तुंबतात.

पंखे, दिवे

जुना पंखा ७०-८० वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी विजेवर फिरणाऱ्या) मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास फिरणारा एक पंखा बदलला तर महिन्याला १६ युनिटं वाचतात आणि तुमचा वापर शंभराच्या वर असेल तर ती महागड्या टप्प्यातली असतात. सगळे एकदम बदलू नका. ज्या खोलीत घर झोपतं तिथला एक आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. पंखा घ्यायच्या आधी रेग्युलेटरकडं बघा: जुन्या चौकोनी, गरम होणाऱ्या खोक्याच्या रेग्युलेटरनं पंखा हळू केला तरी फारशी वीज वाचत नाही, ती खोक्यात उष्णता होऊन जाते. पायऱ्या असलेला किंवा लहान इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-अडीचशे रुपयांत येतो. बीएलडीसी पंख्याला मात्र भिंतीवरचा रेग्युलेटर काढून सरळ जोडणी द्यायची. तो रिमोटनंच चालतो.

पंख्याची गती मंदावली की लोक मोटर गेली म्हणतात. बहुतेक वेळा आतला कंडेन्सर गेलेला असतो आणि तो शंभरच्या आत मिळतो.

दिव्यांबद्दल आता फार सांगायला उरलेलं नाही. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बाच्या जागी नऊ वॅटचा एलईडी, हे बहुतेकांनी केलंय. राहून जातात त्या जुन्या चोकच्या ट्यूब. चाळीस वॅटची ट्यूब नि चोकचे बारा-पंधरा धरून पंचावन्न वॅट घेते, एलईडी ट्यूब वीस. देवघरातला दिवसरात्र जळणारा शून्याचा बल्बही पाहा. नाव शून्याचं असलं तरी जुना बल्ब दहा-पंधरा वॅट घेतो, चोवीस तासांनी महिन्याला सात ते अकरा युनिटं. अर्ध्या वॅटचा एलईडी तीच ज्योत दाखवतो.

फ्रीज

फ्रीज चोवीस तास चालू, म्हणून त्याचं लहान दुखणंही मोठं होतं. दार लावताना मध्ये दहाची नोट धरा आणि ओढा. सहज निसटली तर रबर सैल झालंय. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून बघा, बऱ्याचदा चिकट घाणीमुळंच फट राहते. तरी सुटत असेल तर रबर बदला, अख्खा फ्रीज नको. मागं नि बाजूला चार बोटं जागा सोडा. आपल्याकडं फ्रीज कोपऱ्यात दाबून बसवतात आणि वर कापडाचं पांघरूण घालून त्याच्यावर डबे रचतात, मग बिचाऱ्याची उष्णता जाणार कुठं? एका दाराच्या फ्रीजमध्ये बोटभर बर्फ साचू देऊ नका. थंडीत आकड्यांची खुंटी दोन-तीनवर आणा, उन्हाळ्यात पुन्हा वाढवा.

नवा घेताना स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिटं हे छापलेलं असतं, त्याला बारानं भागा. स्टार किती यापेक्षा तो आकडा खरा. लेबलवरचं सालही वाचा, कारण ऊर्जा दक्षता ब्युरो निकष कडक करत जातो आणि जुन्या सालाचे पाच स्टार आजच्या मोजणीत पाच राहत नाहीत. जुन्या बाजारातला चार हजारांचा फ्रीज मात्र घेऊ नका. तो दर महिन्याला हप्ता मागतो, फक्त तो बिलात लपलेला असतो.

गॅस

सिलिंडर लावला की त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा. एक सिलिंडर किती दिवस पुरतो हे माहीत नसताना केलेली बचत दिसत नाही.

आता शेगडी. ज्योत निळी हवी. पिवळी असेल नि भांडी खालून काळी होत असतील तर बर्नरची भोकं तुंबली आहेत. बर्नर काढून सोड्याच्या पाण्यात घासा, भोकं पिनेनं मोकळी करा, वाळवून बसवा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती आच तुमच्या भिंतीला नि हाताला लागते, भाजीला नाही. लहान भांडं लहान बर्नरवर, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, हे अधूनमधून बघा.

कुकरबद्दल आमच्या घरीसुद्धा वाद आहेत, पण भौतिकशास्त्र आईच्या बाजूनं नाही. पहिली शिट्टी झाली म्हणजे आतला दाब पुरेसा झाला. त्यानंतर मोठ्या आचेवर वाजणारी प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ. पहिल्या शिट्टीनंतर लहान बर्नरवर बारीक आच ठेवून आठ-दहा मिनिटं द्या, वरणभात शिजतो. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, मिनिटं मोजायची. डाळ, भात, बटाटे एकाच कुकरात डब्यांत रचा.

कोरेगावचा वाघ्या घेवडा, माणदेशातले हुलगे, मटकी, वाटाणे हे रात्री भिजत घालणं विसरलात तर दुपारी गॅस भरपाई करतो. डाळ-तांदूळही अर्धा तास भिजले तरी वेळ कमी लागतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाचकांसाठी वेगळी सूचना: महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे, तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तिथं जास्त वेळ घेते, कितीही मोठी आच केली तरी उकळत्या पाण्याचं तापमान वाढत नाही. तिथं कुकरला पर्याय नाही.

झाकण ठेवा हे सगळे सांगतात, मीही सांगतो. पण त्यापुढची एक युक्ती आहे, ती फारशी कुणी करत नाही. भात नि वरण जाड बुडाच्या पातेल्यात उकळून पाच-दहा मिनिटं शिजू द्या, झाकण घट्ट लावा, गॅस बंद करा आणि पातेलं टोपलीत गोधडीनं चारी बाजूंनी, खालूनसुद्धा, गुंडाळून ठेवा. आतल्या आचेवर ते शिजत राहतं. भाताला अर्धा-पाऊण तास लागतो, तूर डाळीला जास्त. मध्ये उघडून बघायचं नाही, उघडलं की खेळ संपला. दोन-तीन तासांच्या आत वाढून घ्या, नुसतं कोमट झालेलं अन्न दिवसभर गोधडीत ठेवायचं नाही. उसाच्या तोडीवर, रानात जेवण नेणाऱ्यांना ही युक्ती विशेष उपयोगी पडते, अन्न गरमही राहतं.

भाकरी थापणारीला तव्याची आच शिकवायला मी जाणार नाही. एवढंच, की एका बैठकीत सगळ्या भाकरी झाल्या तर तवा एकदाच तापतो आणि शेवटची भाकरी उतरल्यावर गॅस बंद करून त्याच तव्यावर चटणीचे शेंगदाणे टाकले तर ते उरलेल्या आचेवर निम्मे भाजून निघतात. आपल्याकडं दिवसभर चहा होतो. प्रत्येक पाहुण्याला वेगळं आधण ठेवण्यापेक्षा पाणी मापून घ्या आणि एक बरा थर्मास ठेवा.

इंडक्शन परवडतं का, हा प्रश्न रोज येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. शेगडीवर तिच्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग भांड्यात जातो, इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के. हिशोब केला तर एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर १४० युनिटांच्या आसपास होतं. आता तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर, सगळे आकार नि शुल्क धरून, १४० नं गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. सरासरी दर घेऊ नका, कारण इंडक्शनची युनिटं तुमच्या वापरावर वरून चढतात. पहिल्या टप्प्यात राहणाऱ्या दोन माणसांच्या घराला ते जवळपास बरोबरीत पडू शकतं. मोठ्या कुटुंबाला बहुतेक गॅसच स्वस्त पडेल.

सोलर कुकर ही आपल्या भागात वाया गेलेली वस्तू आहे. गच्चीवर कुरडया-पापड वाळवण्याइतकं ऊन असतं तेव्हा पेटीच्या कुकरात वरणभात अडीच-तीन तासांत शिजतो. अट एकच, जेवण सकाळी दहाला लावायची सवय हवी. ज्यांना अकराला निघायचंय त्यांनी घेऊ नये, तो माळ्यावर जाईल.

उन्हाळ्यातलं घर

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा पंखा एप्रिलमध्ये गरम हवाच फिरवतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो. यावर सगळ्यात स्वस्त उपाय चुना. गुढीपाडव्याच्या सुमारास गच्ची झाडून, धुऊन, वाळवून घ्या. विरवलेला चुना गाळून त्यात थोडं फेव्हिकॉल मिसळा आणि लांब दांड्याच्या ब्रशनं दोन हात द्या, दुसरा हात पहिला वाळल्यावर. कळीचा चुना विरवताना उकळल्यासारखा उसळतो, म्हणून डोळ्यांना चष्मा नि हातात मोजे घाला. पावसाळ्यात तो धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी पंखा पुरतो आणि कूलर पंधरा दिवस उशिरा काढावा लागतो.

तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाण्याच्या शेडवर जे हिरवं शेडनेट लावतात, ते गच्चीवर बांबू रोवून माणूसभर उंचीवर ताणलं तरी स्लॅब उन्हातून सुटतो. जुनं नेट शेतकऱ्याकडं स्वस्तात मिळतं. पण वळवाच्या वाऱ्यात ते उडून विजेच्या तारांवर जाऊ नये एवढं घट्ट बांधा. पत्र्याच्या घराला आतून बांबूचा तट्टा हातभर खाली लावा. थर्माकोल नको, आगीत तो वितळून अंगावर पडतो.

खिडक्यांचा नियम आजीला माहीत होता: सकाळी नऊनंतर पश्चिम नि दक्षिणेच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, संध्याकाळी सात-आठनंतर समोरासमोरच्या उघड्या. दिवसभर सगळं सताड उघडं ठेवणं म्हणजे बाहेरचं चाळीस अंशांचं वारं घरात बोलावणं.

कूलर जत, आटपाडी, माण, खटावच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. दीड टनाच्या एसीच्या मानानं त्याला विजेचा दहावा हिस्सा पुरतो. मागची खिडकी उघडी आणि समोरचं दार किलकिलं हवं, नाहीतर खोली दमट होते. जूनमध्ये ढग आले की त्याचा उपयोग संपला, पुसून ठेवून द्या. एसी असेलच तर २४ च्या खाली नको. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. सोबत छताचा पंखा लावा, आणि जाळी पंधरा दिवसांनी धुवा.

मोटर आणि बाकीची बारीकसारीक

एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. टाकी भरून वाहायला लागली की पाणी नि वीज दोन्ही गटारात. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा तीन-चारशे रुपयांचा फ्लोट स्विच बसवला की हा प्रश्न मिटतो. मोटर पूर्वी अर्ध्या तासात टाकी भरायची नि आता पाऊण तास घेत असेल तर पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाइपात हवा धरतेय, ते आधी बघा. गळका नळ म्हणजे वर चढवलेलंच पाणी खाली सोडणं.

सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी दहा वॅटच्या आसपास घेतच राहतो, महिन्याला सात युनिटं. भिंतीवरचं बटण बंद करायचं ते याच्यासाठी. इन्व्हर्टरही बॅटरी भरलेली असताना थोडं खात असतो, लुकलुक मोजून बघा. बॅटरीतलं पाणी कमी झालं असेल तर तो जास्त खातो. इस्त्री एकेक शर्टाला तापवू नका, आठवड्याचे कपडे एकदम. वॉशिंग मशिनचं गरम पाण्याचं बटण आपल्या हवेत लागत नाही. चार्जर, डोअरबेल, मच्छर पळवणारी वडी यांच्यात डोकं घालू नका.

सातारा जिल्ह्यात कोयनेचं धरण आहे, त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा प्रकल्प चालतो, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तरी ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि दर सगळ्यांना सारखाच. पवनचक्कीखाली राहणाऱ्यालाही बिल येतंच.

पैसे कशाला आधी लावायचे

माझा क्रम असा आहे. पहिल्या महिन्यात काहीच विकत घ्यायचं नाही: रीडिंग लिहायचं, गीझरची वेळ नि खुंटी, फ्रीजची जागा, कुकरची आच. दुसऱ्या महिन्यात उरलेले पिवळे बल्ब, शून्याचा बल्ब, फ्लोट स्विच, फ्रीजचं रबर. मार्चमध्ये चुना. मग पगारातून जमेल तसा झोपायच्या खोलीतला पंखा. फ्रीज किंवा एसी मोडेपर्यंत बदलू नका. अपवाद एवढाच, की जत्रेच्या दोन दिवसांच्या रीडिंगवर फ्रीज रोज दोन युनिटांच्या वर खाताना सापडला.

छतावरच्या सौर पॅनेलचं सगळ्यात शेवटी बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागं ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्यापुढं एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचं पॅनेल आपल्या उन्हात महिन्याला साधारण १२० युनिटं देतं. वरची कामं आधी करून २२० युनिटांचं घर १२० वर आणलं, तर दोनऐवजी एक किलोवॅट पुरतं. पॅनेल विकायला येणारा हे सांगणार नाही. म्हणून त्याला बोलवायच्या आधी कॅलेंडरवरची सहा महिन्यांची रीडिंगं हाताशी ठेवा.